स्लीपर बसचा वरचा बर्थ: एका होतकरू विनोदकाराचे परीक्षण

कोल्हापूर ते मुंबई हे अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि गेल्या तीन वर्षांत, जाऊन-येऊन मिळून, ते मी रात्रीच्या खासगी स्लीपर बसने साठाहून अधिक वेळा कापले आहे. प्रत्येक खेपेला मुंबईतील काम एकच होते आणि ते पाच ते सात मिनिटांत संपणारे होते. मी दिवसा कोल्हापुरात नोकरी करतो आणि जमेल तेव्हा स्टँड-अप कॉमेडी करतो. ज्यांचे नाव पुकारण्यापूर्वी सूत्रसंचालक हातातील कागद पुन्हा एकदा पाहून घेतो, त्या कलाकारांच्या वर्गात मी मोडतो. होतकरू हे विशेषण मला चिकटून बराच काळ लोटला आहे आणि ते सुटण्याची चिन्हे नाहीत. तेव्हा ज्या एका गोष्टीवर माझे सर्वाधिक पैसे गेले आणि जिच्यात माझ्या सर्वाधिक रात्री गेल्या, तिचे परीक्षण करण्याचा अधिकार मला नक्कीच आहे. ती गोष्ट म्हणजे स्लीपर बसचा बर्थ.

कंपनीचे नाव मी देणार नाही. या मार्गावर मी चार-पाच कंपन्यांच्या गाड्यांतून प्रवास केला असून पडद्यांचा रंग आणि पुढच्या काचेवर लिहिलेले देवाचे नाव एवढा फरक सोडला तर आतला अनुभव सारखाच आहे. शिवाय प्रवासाचे साधन म्हणून या बसविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. माझ्यासारख्याला ती लॉज म्हणून आणि लिहिण्याचे टेबल म्हणून वापरावी लागते, म्हणून तिची पारख मी त्याच कसोट्यांवर करणार आहे.

रेल्वे का नको, हा प्रश्न प्रथम निकालात काढणे आवश्यक आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेस स्वस्त आहे, तिच्या स्लीपर डब्यात अंग सरळ पसरता येते आणि डब्यात शौचालय असते. या तिन्ही बाबतींत बस तिच्या जवळपासही येत नाही. मात्र ती मुंबईहून रात्री साडेआठच्या आत सुटते आणि ओपन माइक, म्हणजे नाव नोंदवून कोणालाही काही मिनिटे मंचावर विनोद करून पाहता येतो तो कार्यक्रम, बहुधा त्याच सुमारास सुरू होतो. आठची वेळ जाहीर झालेली असते, साडेआठला पहिला कलाकार उभा राहतो, आमच्यासारख्यांचे स्पॉट (मंचावर मिळणारी काही मिनिटे) मधोमध कुठेतरी असतात, आणि एखादा नावाजलेला कलाकार नवे साहित्य तपासून पाहण्यासाठी अचानक अवतरला की सगळी रांग वीस मिनिटे मागे सरकते. खारमधल्या एखाद्या ठिकाणी माझा सेट, म्हणजे सलग सादर करायचे विनोद, संपेपर्यंत सव्वादहा वाजतात. तेथून वांद्रे-कुर्ला संकुलामार्गे रिक्षाने सायन गाठायचे आणि पावणेअकराची बस पकडायची, एवढाच मार्ग उरतो. जातानाही रेल्वे क्वचितच जमते, कारण स्पॉट मिळाल्याचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवस आधी येतो आणि तोवर वेटिंग लिस्ट शंभराच्या पुढे गेलेली असते. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. आमच्या धंद्यात ६० दिवसांनंतर आपण हेच करत असू की नाही, हेसुद्धा कोणी सांगू शकत नाही.

ओपन माइक बहुतेक करून आठवड्याच्या मधल्या वारी असतात, कारण शनिवार-रविवारचे मंच तिकीट लावलेल्या कार्यक्रमांसाठी राखून ठेवलेले असतात. त्यामुळे माझा हिशेब ठरलेला आहे: सोमवारी रात्री निघायचे, मंगळवारची रजा टाकायची, संध्याकाळी पाच मिनिटे बोलायचे आणि बुधवारी सकाळी साडेदहाला कोल्हापुरात कामावर हजर व्हायचे. जाण्याचे ८०० आणि येण्याचे ८०० मिळून १,६०० रुपये, लोकल व रिक्षा २६० रुपये, आणि दिवसभराचे खाणे-चहा काटकसरीने २४० रुपये; एकूण २,१०० रुपये. ओपन माइकला मानधन नसते. काही ठिकाणी तर नाव नोंदवण्यासाठी कलाकारालाच पैसे मोजावे लागतात. नाव-नोंदणी फुकट आहे असे गृहीत धरले तरी पाच मिनिटांसाठी २,१०० रुपये म्हणजे मिनिटाला ४२० रुपये पडतात. हा आकडा मी विनोदासाठी जुळवून आणलेला नाही. वहीत मांडला तेव्हा तो आपोआप असाच आला.

भाड्याविषयी एक गोष्ट अनेक प्रवाशांना ठाऊक नसते. खासगी बसने एसटीच्या त्याच प्रकारच्या सेवेच्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक आकारणी करू नये, असा राज्य शासनाचा निर्णय २०१८ पासून अस्तित्वात आहे. दिवाळीच्या आठवड्यात बुकिंगच्या अ‍ॅपवरील आकडे पाहताना हा निर्णय आठवतो आणि त्यानंतर आपण मुकाट्याने पैसे भरतो.

मराठी माणसाला दौरा हा शब्द नवा नाही. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी नाटकाचा पहिला प्रयोग केला आणि पुढे नाटक मंडळ्या गावोगाव फिरू लागल्या. आजही नाटकाची बस निघते, व्यवस्थापक जेवणाची आणि मुक्कामाची सोय पाहतो आणि नटाला ‘नाईट’, म्हणजे प्रत्येक प्रयोगाचे मानधन, मिळते. तमाशाच्या फडालाही स्वतःच्या गाड्या आणि राहुट्या असतात. स्टँड-अपमध्ये मंचावर एकच माणूस आणि एकच माइक लागतो, हे त्याचे मोठे बलस्थान म्हणून सांगितले जाते. प्रवासाच्या दृष्टीने पाहिले तर त्याचा अर्थ असा की व्यवस्थापक, हिशेबनीस, हमाल आणि नट हे सगळे एकाच वरच्या बर्थवर झोपलेले असतात आणि नाईट त्यांतील एकालाही मिळत नाही.

आता प्रत्यक्ष बर्थकडे वळू. या मार्गावरील बहुतेक स्लीपर गाड्यांत एका बाजूला एकेरी आणि दुसऱ्या बाजूला जोड बर्थ असतात, आणि दोन्ही बाजूंना खालची व वरची अशा दोन ओळी असतात. माझी उंची ५ फूट ९ इंच आहे. उशी डोक्याखाली घेतली तर पाय टोकाच्या फळीला टेकतात आणि उशी काढली तर मान अवघडते. वरच्या बर्थवर ताठ बसता येत नाही, कोपरावर रेलून अर्धवट पडता येते, आणि त्या अवस्थेत वहीत लिहिलेले अक्षर सकाळी माझे मलाच लागत नाही. गादीवरील रेक्झिनला एक विशिष्ट वास असतो. त्यात एसीचा गारवा, कोणाच्या तरी डब्यातील लसणाची चटणी आणि रूम फ्रेशनर मिसळलेला असतो. ब्लँकेट घडी घालून ठेवलेले असते. ते स्वच्छ दिसते, पण ते उलगडून पाहू नये असा माझा अनुभवाचा सल्ला आहे. घरून एक पातळ चादर आणावी आणि ब्लँकेट तिच्यावरून घ्यावे.

बर्थचा क्रमांक निवडताना लोक खिडकी पाहतात. पाहायला हवीत ती चाके. मागच्या चाकांच्या वरचे आणि त्याहून मागचे बर्थ रस्त्यावरील प्रत्येक खड्ड्याची पोच देतात. सातारा ते कागल या टप्प्यात सहापदरीकरणाच्या कामामुळे गेली काही वर्षे जागोजागी वळणरस्ते आहेत आणि शेवटच्या रांगेत झोपलेल्या माणसाला त्यांतील प्रत्येक वळण कळते. सर्वांत चांगला बर्थ म्हणजे पुढून तिसऱ्या किंवा चौथ्या ओळीतील खालचा एकेरी. तो अ‍ॅपवर १०० ते २०० रुपयांनी महाग दिसतो आणि सर्वांत आधी जातो. वरच्या बर्थची अडचण अशी की घाटात गाडी झुकली की उंचीमुळे तो झुकाव अधिक जाणवतो. खंबाटकीच्या वळणांवर मी झोपेत पकडण्यासाठी जी लोखंडी दांडी शोधतो, ती काही गाड्यांत आहे आणि काहींत तिच्या स्क्रूची फक्त भोके आहेत.

चार्जिंगचा पॉइंट हा कोणत्याही कलाकारासाठी मूलभूत प्रश्न आहे. आमचा सगळा संसार मोबाइलमध्ये असतो: विनोदांच्या नोंदी, सेटचे ध्वनिमुद्रण, पुढच्या स्पॉटचा निरोप. मी वापरलेल्या बर्थपैकी साधारण निम्म्या ठिकाणी तो पॉइंट चालत होता. बाकीच्या ठिकाणी क्लीनरला विचारले असता तो नेहमी एकच उत्तर देतो, “गाडी चालू झाली की येईल,” आणि पहाटे कराडला उतरणाऱ्यांची नावे पुकारली जाईपर्यंत मी त्या उत्तरावर विश्वास ठेवून जागा असतो. पॉवर बँक न घेता या बसमध्ये चढणे हा अविचार आहे.

जोड बर्थविषयी सावध राहावे. एकट्याने जोड बर्थमधील एक जागा घेतली की शेजारी कोण येणार हे दैवावर असते, आणि तेथे दोन परक्या माणसांनी ज्या अंतरावर रात्र काढायची असते, ते अंतर आपल्याकडे लग्नानंतरसुद्धा काही दिवसांनीच येते. एकदा माझ्या शेजारी इस्लामपूरचे एक काका होते. मी काय करतो असे त्यांनी विचारले, मी सांगितले, आणि पडदा ओढून घेतलेल्या त्या पेटीत, चेहऱ्यापासून एका वितीवर, ते म्हणाले, “मग करून दाखवा की एखादा.” खंबाटकी उतरेपर्यंत मी त्यांना माझा पाच मिनिटांचा सेट ऐकवला. ते एकदाही हसले नाहीत. शेवटी शांतपणे म्हणाले, “बरं आहे, पण तुम्ही नोकरी सोडू नका.” तीन वर्षांत मिळालेला हा सर्वांत नेमका अभिप्राय होता, आणि तो स्लीपर बसनेच मिळवून दिला हे मला मान्य करावे लागेल.

कामाची खोली म्हणून या बर्थचा एक उपयोग मात्र खरोखर मोलाचा आहे. आम्ही बहुतेक जण मंचावर जाताना मोबाइलचे ध्वनिमुद्रण सुरू करून तो खिशात ठेवतो. पनवेल मागे पडले, दिवे बंद झाले की मी इयरफोन लावून तो सेट ऐकतो. मंचावर असताना जो हशा मोठा वाटला होता तो मुद्रणात दोन माणसांचा निघतो. जेथे आपण पूर्ण बुडालो असे वाटले होते तेथे मागच्या टेबलावरून एक बारीक, खरा हसण्याचा आवाज येतो. पंचनंतर, म्हणजे जेथे हशा यायला हवा त्या वाक्यानंतर, किती वेळ शांतता होती हे मी घड्याळात मोजतो, आणि त्या शांततेत माझाच घाईघाईने पुढचे वाक्य सुरू करण्याचा आवाज ऐकू येतो. घरी हे काम होत नाही, कारण घरी दुसऱ्या दिवशी त्या मुद्रणाला हात लावण्याचे धैर्य नसते. बसमध्ये उठून जायला जागा नसते. गेल्या पावसाळ्यात बँकेच्या लॉकरवरचा एक बिट (एका विषयावरचा विनोदाचा तुकडा) मी अशाच तीन परतीच्या प्रवासांत साडेतीन मिनिटांवरून दीड मिनिटावर आणला आणि तो आता चालतो.

बसच्या प्रवासातून विनोदासाठी भरपूर साहित्य मिळत असेल, असे नातेवाईक नेहमी म्हणतात. हा गैरसमज आहे. स्लीपर बस, शेजारचा घोरणारा प्रवासी आणि हायवेवरील शौचालय हे विषय ओपन माइकवर इतके घासले गेले आहेत की एकाच संध्याकाळी तीन जणांनी ते केल्याचे मी पाहिले आहे. मी चौथा होतो.

थांब्याविषयी थोडक्यात सांगतो. रात्री दोनच्या सुमारास शिरवळच्या आसपास एका ठरलेल्या हॉटेलवर वीस मिनिटे गाडी थांबते. चालक आणि क्लीनर यांचे जेवण आतल्या खोलीत वेगळे होते आणि आपल्याला बाहेरच्या दराने मिसळ मिळते. चहा बरा असतो. शौचालय बरे नसते.

सेवेचा सर्वांत मोठा दोष म्हणजे आयत्या वेळी गाडी बदलणे. मागच्या वर्षी एका मंगळवारी रात्री मी सायनला उभा असताना मोबाइलवर संदेश आला की गाडी ‘तांत्रिक कारणामुळे’ बदलली आहे. आली ती दोन-दोन आसनांची साधी बस होती. आरक्षित केलेला बर्थ क्रमांक या गाडीत अस्तित्वातच नव्हता; क्लीनरने हातातील कागदावर माझ्या नावासमोर एक आसन क्रमांक पेनने लिहिला आणि फरकाचे पैसे अ‍ॅपवर परत येतील असे सांगितले. मी तक्रार नोंदवली. अ‍ॅपने कंपनीकडे बोट दाखवले आणि कंपनीने अ‍ॅपकडे, आणि अकराव्या दिवशी ९० रुपये जमा झाले. त्या रात्री माझा सेट पूर्ण कोसळला होता आणि मला आडवे होऊन तोंडावर चादर ओढण्याची नितांत गरज होती. लॉजने रात्री अकरा वाजता खोलीऐवजी खुर्ची द्यावी, तसा तो प्रकार होता.

हे सारे मी पुरुष म्हणून लिहितो आहे, याची जाणीव मला सांगलीच्या एका सहकारी कलाकार मुलीने करून दिली. ती माझ्याहून चांगली विनोदकार आहे आणि रात्रीच्या खासगी बसने एकटी जात नाही. रात्री सव्वादहाला खारहून निघून रस्त्याच्या कडेला बसची वाट पाहणे, पडद्यापलीकडे अनोळखी माणसे असणे आणि रात्री दोन वाजता हॉटेलच्या मागच्या बाजूच्या शौचालयापर्यंत अंधारातून जाणे, या प्रत्येक गोष्टीचा तिला स्वतंत्र विचार करावा लागतो. मार्च २०२३ पासून एसटीच्या बसमध्ये महिलांना निम्मे तिकीट आहे; त्यामुळे ती दिवसाच्या एसटीने जाते, ठाण्याला मावशीकडे मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीने परतते. तिकिटाचे पैसे वाचतात, पण रजा एकाऐवजी दोन जातात आणि वर्षाला माझ्या दहा खेपांमागे तिच्या चार होतात. स्टँड-अपमध्ये मंचावर उभे राहिलेल्या वेळेइतके दुसरे कशानेही शिकता येत नाही. या बससेवेचे खरे मोजमाप करायचे तर ते दहा आणि चार या आकड्यांत करावे लागेल.

सुरक्षिततेविषयी विनोद करण्याची माझी इच्छा नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी स्लीपर बस बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. तेव्हापासून मी गाडीत चढल्यावर प्रथम आपत्कालीन दरवाजा आणि काच फोडण्याची हातोडी कोठे आहे ते पाहतो. स्लीपर बसच्या बांधणीसाठी एआयएस-११९ हे मानक आहे आणि त्यात बाहेर पडण्याच्या मार्गांचा विचार केलेला आहे. परंतु मधल्या अरुंद वाटेत कोणी पार्सलची खोकी रचून ठेवली तर ते मानक कागदावरच राहते. अशी खोकी मी अनेकदा पाहिली आहेत आणि हटवण्यास सांगितल्यावर ती माझ्याच पायथ्याशी आणून ठेवल्याचेही पाहिले आहे. वरच्या बर्थवरून अंधारात उतरायला मला सात-आठ सेकंद लागतात. हातोडी जागेवर नसेल तर क्लीनरला ती विचारावी. तो हसतो, पण विचारावी.

सकाळी साडेसहाच्या सुमारास गाडी किणी टोलनाका ओलांडते, पडदे सरकू लागतात, आणि तावडे हॉटेलच्या थांब्यावर माणसे बूट हातात घेऊन उतरतात. वेळेच्या बाबतीत माझी तक्रार नाही; साठ प्रवासांत साडेदहाची नोकरी मला दोनदाच चुकली आणि त्यांतील एकदा चूक पावसाची होती. लॉज म्हणून मी या बर्थला पाचपैकी दोन गुण देईन, लिहिण्याचे टेबल म्हणून एक, आणि स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकण्याची खोली म्हणून साडेचार.

कोणी घ्यावा, तर ज्याला दुसऱ्या दिवशी सकाळी कोठेतरी हजर व्हायचे आहे आणि ज्याची पाठ अजून तिशीच्या आत आहे, त्याने घ्यावा. मी स्वतःपुरता एक नियम केला आहे: मंचावर पैसे मिळणार असतील तर खालचा एकेरी बर्थ घ्यायचा, फुकटचा स्पॉट असेल तर वरचा. या नियमाने तीन वर्षांत खालचा बर्थ माझ्या वाट्याला सात वेळा आला आहे, आणि परीक्षणाच्या शीर्षकात वरचा बर्थ आहे तो त्यामुळेच.